पुरानंतरची वीज : घर, गोठा आणि नदीकाठची मोटर

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की नदीकाठच्या गावांत आवराआवर सुरू होते, आणि ४३ फुटांच्या धोका पातळीनंतर माणसे व जनावरे हलवण्यावाचून दुसरे काही सुचत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपण हे अनुभवले आहे. त्या धावपळीत घर सोडताना मेन स्विच बंद करणे मात्र राहून जाते. पाणी आत शिरलेच असेल, तर त्या पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावू नका. १९१२ या वीज तक्रारीच्या क्रमांकावर कळवून पुरवठा बंद करून घ्या.

पाणी ओसरल्यानंतरचा काळ अधिक फसवा असतो. भिंत वरून सुकलेली दिसते, पण तिच्या आतल्या पाइपात आणि बोर्डाच्या पेटीत ओल व गाळ बरेच दिवस राहतो. म्हणून परवानाधारक वायरमनने मेगर, म्हणजे तारांतून विजेची गळती होते का हे मोजणारे यंत्र, लावून वायरिंग तपासेपर्यंत पुरवठा सुरू करू नये, मग त्यासाठी आणखी चार रात्री अंधारात काढाव्या लागल्या तरी चालतील.

बोर्डात एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून अनेक जण निर्धास्त असतात. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. भिजलेल्या माणसाच्या अंगातून २३० व्होल्टला साधारण पाव अँपिअर प्रवाह जाऊ शकतो; हृदयाची लय बिघडवायला तो पुरेसा असतो, परंतु १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही घेता येत नाही. हे काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती ओळखणाऱ्या स्विचचे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, म्हणजे तो कुठेतरी जमिनीत उतरला, की ती सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी पकडणाऱ्याला मात्र तीही वाचवू शकत नाही. तिच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पावसाळ्यात ती वारंवार ट्रिप होते म्हणून काढून टाकू असे सुचवणारा वायरमन बदलावा, कारण ट्रिप होणारी आरसीसीबी घरात कुठेतरी गळती आहे हेच सांगत असते.

गोठ्याकडे आपण त्याहून कमी लक्ष देतो, हे मला फार खटकते. म्हशीचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून दूर असतात. ओल्या जमिनीत वीज उतरली असेल तर या दोन ठिकाणांच्या विजेच्या दाबातल्या फरकामुळे प्रवाह तिच्या शरीरातून, थेट हृदयाजवळून वाहतो. त्यामुळे माणसाला जिथे नुसती झिणझिणी येते, तिथे जनावर दगावू शकते. म्हैस अचानक लोखंडी टाकीतले पाणी पिईनाशी झाली किंवा धारेच्या वेळी बिथरू लागली, तर जनावरांच्या डॉक्टरांबरोबर वायरमनलाही बोलवा. कडबा कुट्टीच्या मोटरीची बॉडी, पत्र्याची शेड आणि दूध काढण्याचे यंत्र यांना चांगले अर्थिंग हवे, आणि कपडे वाळवण्याची तार खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरच्या जवळून कधीही नेऊ नये. जनावर कोसळलेले दिसले तर आधी मेन स्विच बंद करा आणि मगच गोठ्यात पाऊल टाका. जनावर सोडवायला धावलेला मालकच मृत्युमुखी पडल्याच्या घटना दर पावसाळ्यात कुठे ना कुठे घडतात.

आता नदीकाठच्या मोटरीविषयी. पुरात बुडालेली मोटर उन्हात ठेवून सुरू करणे म्हणजे वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जाळणे होय. ती उघडून, स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, मंद उष्णतेवर पूर्ण सुकवावी लागते; त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरवर वायंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध किमान एक मेगओहम आला, तरच ती जोडावी. पुरानंतर एखादा फेज जाण्याचे प्रकारही होतात. चालू असलेली थ्री फेज मोटर अशा वेळी थांबत नाही, उरलेल्या दोन फेजमधून जवळजवळ पावणेदोन पट प्रवाह ओढत राहते आणि थोड्याच वेळात जळते. मोटर सुरू करणाऱ्या डीओएल स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, नेमप्लेटवरच्या अँपिअरवर लावलेला असेल, तर मोटर वाचते. पाच एचपीच्या मोटरीसाठी हा आकडा साधारण साडेसात अँपिअर असतो. मोटर सारखी बंद पडते म्हणून हा रिले वाढवून ठेवू नका. तारेभोवती पकडून प्रवाह मोजणारे क्लँप मीटर लावून तिन्ही फेजचा प्रवाह मोजा आणि कोणता फेज कमी-जास्त आहे ते आधी पाहा.