शुगरचा आकडा आणि माणसाचा जीव

श्रोतेहो, नमस्कार.

कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर थांबलं की सोबतच्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, शुगर किती आहे?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "मग ती आधी खाली आणा की!" गाडी बेळगावात खानापूरहून आलेली असो, निपाणीहून असो की चिक्कोडीहून. मधुमेही माणूस अचानक अत्यवस्थ झाला की घरच्यांना तो आकडाच शत्रू वाटतो. आज मी त्या आकड्याबद्दलच बोलणार आहे. गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनानं आम्हा डॉक्टर मंडळींना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली आहे. घाईघाईनं साखर उतरवणं म्हणजे उपचार नव्हे, उलट त्या घाईत माणूस हातचा जाऊ शकतो.

समजा, हलशीकडचा सोळा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते इंजेक्शनानं घ्यावं लागतं. पावसाळ्यात ताप आला, उलट्या सुरू झाल्या. आई म्हणते, "पोरानं सकाळपासून काही खाल्लंच नाही, मग इंजेक्शन कशाला द्यायचं?" ऐकायला अगदी रास्त वाटतं, पण इथंच घात होतो. माणूस उपाशी असला तरी यकृत साखर बनवतच राहतं, तापात तर जास्तच. इन्सुलिन नाही म्हटल्यावर ती साखर पेशींना वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात आणि रक्त आम्लयुक्त होत जातं. तहान भागत नाही, लघवी थांबत नाही, पोटात दुखतं. दुसऱ्या दिवशी तो खोल खोल, भराभर श्वास घ्यायला लागतो. तोंडाला अतिपिकलेल्या फळासारखा वास येतो. घरचे म्हणतात, पित्त झालंय. याला आम्ही कीटोअॅसिडोसिस म्हणतो. यात उशीर झाला तर जीव जातो, आणि वेळेवर दवाखाना गाठला तर बहुतेक जण वाचतात.

आता हा मुलगा बेळगावात पोचला. साखर ४८० आहे. आम्ही पहिल्यांदा लावतो ती सलाईन. नातेवाईक अस्वस्थ होतात, म्हणतात, हे तर साधं पाणी आहे, इन्सुलिन कुठाय? पण लघवीवाटे आणि उलटीवाटे या पोराच्या अंगातलं कितीतरी पाणी निघून गेलेलं असतं. ते भरल्याशिवाय बाकीचं काही नीट होत नाही. लहान वयात ते पाणीही बेतानं द्यावं लागतं, मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. त्याच वेळी रक्त तपासायला जातं ते पोटॅशियम या क्षारासाठी. इन्सुलिन दिलं की पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. ते आधीच कमी असेल आणि आम्ही तसंच इन्सुलिन सुरू केलं, तर हृदयाचे ठोके बिघडून पेशंट हाताखालीच दगावू शकतो. म्हणून कधी कधी साखर चढलेली दिसत असतानाही आम्ही इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम देतो. त्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या बापाला वाटतं, इथं कुणाला घाईच नाही. त्याची तगमग मला कळते. म्हणूनच हे आज, कुणी आजारी नसताना, सांगतेय.

मग इन्सुलिन सुरू होतं, तेही पंपावर, थेंबाथेंबानं. वजनाच्या दर किलोला ताशी एक दशांश युनिट. म्हणजे पंचेचाळीस किलोच्या पोराला तासाला साडेचार युनिट, बस्स. पूर्वी असं नव्हतं, मोठमोठे डोस दिले जायचे. अमेरिकेत मेम्फिसमध्ये अब्बास किताबची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून तपासल्या. १९७६ साली त्यांनी दाखवून दिलं की थोड्या इन्सुलिननंही पेशंट तितकेच बरे होतात, शिवाय साखर एकदम पडण्याचा आणि पोटॅशियम घसरण्याचा धोका कमी होतो. आज आपल्याकडे आयसीयूत इन्सुलिनचा पंप हळू चालतो, त्याचं मूळ त्या कामात आहे.

आणि आता येतो तो क्षण, ज्यावरून वॉर्डात आवाज चढतात. साखर २५०च्या आसपास आली की आम्ही ग्लुकोजची बाटली लावतो. "शुगरच्या पेशंटला ग्लुकोज? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" सिस्टर बिचाऱ्या ऐकून घेतात. श्रोतेहो, साखर आधी उतरते, कीटोन मागाहून जातात. कीटोन जाईपर्यंत इन्सुलिन बंद करता येत नाही, आणि नुसतं इन्सुलिन चालू ठेवलं तर साखर धोक्याच्या खाली जाईल. म्हणून एका हाताला इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज. ही बाटली कुणी भांडून काढायला लावू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

हा संयम एकाच आजारापुरता नाही. आयसीयूतल्या कुठल्याही गंभीर पेशंटची साखर १०८च्या आत ठेवावी की १८०पर्यंत चालू द्यावी, हा प्रश्न जगभर होता. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडातल्या दवाखान्यांनी पुढाकार घेऊन सहा हजारांवर पेशंटवर तो तपासला. २००९ साली नाइस-शुगर या नावानं उत्तर आलं. कडक नियंत्रण ठेवलेल्या गटात शंभरातले साडेसत्तावीस दगावले, सैल गटात जवळपास पंचवीस. त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी २००८ मध्ये, अॅकॉर्ड नावाच्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मधेच थांबवावा लागला होता. हृदयविकाराचा धोका असलेल्या, वय झालेल्या मधुमेहींची साखर औषधांनी अगदी नॉर्मलला आणायचा तो प्रयत्न होता, आणि त्याच गटात मृत्यू जास्त झाले.

मग काय, साखर वाढू द्यायची? मुळीच नाही! १९९३ साली डीसीसीटी या अभ्यासानं सिद्ध केलं की टाइप वनच्या माणसानं वर्षानुवर्षं साखर आटोक्यात ठेवली तर डोळ्यांचा पडदा खराब होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो. टाइप टूबद्दल १९९८ साली ब्रिटनच्या यूकेपीडीएसनंही तेच सांगितलं. सुरुवातीच्या वर्षांत घेतलेल्या काळजीचा फायदा पुढची दहा वर्षं टिकला, हे त्याच पेशंटच्या २००८ सालच्या पाठपुराव्यात दिसलं. म्हणजे कष्ट घ्यायचे ते घरी, रोज, वर्षानुवर्षं. दवाखान्याच्या दारात एका रात्रीत वसुली करायला जाऊ नये.

दुसरी बाजू साखर पडण्याची आहे, आणि मला वाटतं आपल्या भागात तिच्याकडे दुर्लक्ष जास्त होतं. निपाणीतली सत्तरीची आज्जी डोळ्यांसमोर आणा, आयुष्यभर विड्या वळलेली. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी वर्षानुवर्षं चालू, मूत्रपिंडं थकलेली, आणि ते कुणी तपासलेलं नाही. एकादशीचा उपास, पण गोळी नेमानं घेतली. संध्याकाळी दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, ती असंबद्ध बोलू लागते. सून म्हणते, अत्तींची शुगर चढली. अशा वेळी कुणी आणखी एक गोळी दिली तर? बोट टोचून बघितलं तर आकडा ४० निघतो. सत्तरच्या खाली म्हणजे साखर पडली. आज्जी शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर लगेच तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा, गरज वाटली तर परत द्या. घरात मशीन नसेल तरी द्या. साखर जास्त असताना दिलेल्या चार चमच्यांनी फारसं बिघडत नाही, पण साखर पडलेली असताना वाया गेलेली मिनिटं मेंदूला भोवतात. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. आणि आज्जी उठून बसली, हसली, म्हणून घरी घेऊन जायची घाई नको. त्या गोळीचा अंमल लांबतो, मूत्रपिंडं कमजोर असतील तर आणखीच. साखर परत पडते, बहुधा रात्री, सगळे झोपलेले असताना. डॉक्टर एक दिवस ठेवून घ्या म्हणाले तर ऐका.

अलीकडे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या पुष्कळ जण घेतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा खरोखर फायदा आहे. पण उलट्या, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तर आकडा दोनशेच्या आत असूनही कीटोन वाढू शकतात. अशा वेळी मशीनवर विसंबू नका, डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी ती थांबवायची असते. तसंच मधुमेहात छातीत कळ न येताच हार्ट अटॅक येऊ शकतो. नुसता दम, घाम, मळमळ असली तरी ईसीजी काढून घ्या. पायाला बधिरपणा असेल तर यल्लम्माला अनवाणी जाऊ नका. देवी रागावणार नाही.

आणखी एक गोष्ट मनात आहे. मी सांगितलेले अभ्यास बहुतांशी परदेशी माणसांवर झाले. उसाच्या फडात राबणारा, उपास धरणारा, दोन दिवस उशिरा पोचणारा आपला माणूस त्यांत नव्हता. इथं संशोधन होऊ शकतं, हे बेळगावनं दाखवलं आहे. पहिलटकरणींना गरोदरपणात कमी मात्रेची अॅस्पिरिन दिली तर अकाली प्रसूती कमी होतात, हे २०२० साली जगापुढं आलं. त्या अभ्यासात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमार्फत आपल्या भागातल्या बायका होत्या. मधुमेहाच्या आणीबाणीवर असं काम इथं व्हायला हवं, आणि तुम्ही त्यात डोळे उघडे ठेवून सामील व्हायला हवं. कुणी विचारलं तर संमतीपत्र मराठीत मागा, कन्नड वाचत असाल तर कन्नडमध्ये मागा. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून घ्या. नाही म्हणायचा आणि मधेच बाहेर पडायचा हक्क तुमचा आहे, त्यानं उपचारांत कसूर होता कामा नये. औषधाच्या चाचणीमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९च्या नियमांत आहे.

आपलं सीमाभागाचं एक वेगळंच असतं. फाइल कोल्हापूरच्या डॉक्टरांकडं, रेशनकार्ड कर्नाटकचं, लेक गोव्यात, आणि रात्री दोनला गाडी लागते बेळगावात. "एक पांढरी गोळी आहे" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही. म्हणून गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकू नका, एका पिशवीत ठेवा. त्याच पिशवीत इन्सुलिनची बाटली किंवा पेन, शेवटचे रिपोर्ट आणि कार्ड ठेवा. शेवटचं इन्सुलिन किती वाजता घेतलं, शेवटचं जेवण कधी झालं, घरी मशीनवर किती आकडा आला, हे कागदावर लिहा, मराठीत लिहिलंत तरी आम्ही वाचू. कर्नाटकात असा की महाराष्ट्रात, अँब्युलन्सचा नंबर १०८च आहे. कणकुंबी-जांबोटीकडं पावसात रेंज जाते, तेव्हा कुणाच्या घरातून फोन लागतो ते आजच बघून ठेवा, आणि ती पिशवी कुठं टांगली आहे ते शेजाऱ्यालाही सांगून ठेवा.

नमस्कार.