जिप्सीला इंजेक्शन बसवताना: आधी पेट्रोल, मग वायरिंग, ईसीयू शेवटी

मंडळी, कार्ब्युरेटरला उंची कळत नाही. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. तिथली हवा किनाऱ्यापेक्षा जवळपास 30 टक्के विरळ, पेट्रोल सोडणारं छिद्र, म्हणजे जेट, मात्र तेच. त्यामुळे मिश्रण सुमारे 20 टक्के रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. प्लग काळे पडतात, गाडी ओढत नाही. कार्ब्युरेटरवाल्या 1300 सीसी मारुती जिप्सीला इंजेक्शन बसवायचं हे मला सगळ्यांत पटणारं कारण वाटतं. फक्त मायलेज हवं असेल, तर आधी आहे तोच कार्ब्युरेटर उघडून साफ करा, आत पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची बघा. बदल करायचाच ठरला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा आणि आरटीओत आधी विचारा.

बहुतेक जण ईसीयूच्या, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, खरेदीपासून सुरुवात करतात. गाडी रस्त्यात अडते ती मात्र पेट्रोलमुळे. जुना मेकॅनिकल पंप फार तर 0.3 बार दाब देतो. इंजेक्टरला 3 बार लागतो. पण नुसता हाय प्रेशर पंप जोडून भागत नाही. टाकी पाव भरलेली असताना चढावर किंवा वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन भर चढात बंद पडतं. पूर्वी कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये थोडा साठा असायचा, म्हणून हे जाणवत नव्हतं. त्यासाठी लिटरभराचा सर्ज पॉट, म्हणजे कायम भरलेली छोटी जादा टाकी, लावा. जुना पंप तो भरेल, हाय प्रेशर पंप त्यातूनच घेईल, दाब राखणाऱ्या रेग्युलेटरकडून परतणारं पेट्रोल पुन्हा पॉटमध्ये येईल आणि जास्तीचं टाकीत जाईल. अशा जोडणीत जुन्या पंपाला इंजिन पितं तेवढंच पुरवायचं असतं. पॉट एक्झॉस्टपासून लांब ठेवा. तेच पेट्रोल फिरून फिरून तापतं आणि त्यात बुडबुडे होतात. होज इंजेक्शनचाच घ्या, त्यावर एसएई जे30 आर9 छापलेलं असतं. साधा होज या दाबाला फुटू शकतो, आणि पेट्रोलचा फवारा गरम मॅनिफोल्डवर उडणं म्हणजे आग. इथे पैसे वाचवू नका.

इंजेक्टरचा हिशोब सोपा आहे. दर अश्वशक्तीला मिनिटाला साधारण 5 सीसी पेट्रोल. 60 अश्वशक्तीला 300, चौघांत वाटलं तर 75. इंजेक्टर 80 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून 95च्या आसपास. 120 ते 150 सीसीचा पुरे. ‘पुढे टर्बो लावू’ म्हणून 400चा घेतला, तर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, तो इतका थोडा वेळ उघडतो की मात्रा अचूक राहत नाही.

वायरिंगमध्ये मी सगळ्यांत जास्त वेळ अर्थिंगला देईन. कूलंट सेन्सरची अर्थ बॉडीला जोडली, तर हेडलाइट लावताच त्या अर्थवरचं व्होल्टेज किंचित वर जातं. ईसीयूला इंजिन थंड वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. सेन्सरच्या सगळ्या अर्थ सरळ ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंडवर न्या. इंजिनची स्थिती ईसीयूला कळावी म्हणून क्रँक पुलीवर 36-1चं चाक (36 दातांच्या जागा, एक दात गाळलेला) आणि त्यासमोर ते दात टिपणारा चुंबकी व्हीआर सेन्सर, गॅप 0.8 ते 1 मिलिमीटर. सेन्सरची वायर शील्डवाली, शील्ड एकाच टोकाला अर्थ. व्हीआरच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी गाडी सुरू होऊ शकते, पण आरपीएम वाढेल तसं ठिणगीचं टायमिंग सरकतं. म्हणून टायमिंग लाइट आयडलला आणि 3,000वर, दोन्हीकडे लावून बघा. पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात ठेवा: इंजिन थांबलं की पंप थांबला पाहिजे, अपघातात हीच गोष्ट जीव वाचवते.

ट्यूनिंगला वाइडबँड सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर, हवाच. तो पाइपच्या वरच्या अंगाला बसवा, खाली पाणी साचून खराब होतो. त्याच्या आधी एक्झॉस्ट कुठे गळत असेल तर मिश्रण खोटंच लीन (पेट्रोल कमी) दिसतं. आकडा लॅम्ब्डामध्ये वाचा; लॅम्ब्डा 1 म्हणजे पेट्रोल जळायला लागते नेमकी तेवढीच हवा. हवा-पेट्रोलचं 14.7चं गुणोत्तर शुद्ध पेट्रोलचं. 20 टक्के इथेनॉल असलं की ते साडेतेराच्या आसपास येतं, लॅम्ब्डा 1 मात्र दोन्हीकडे 1च राहतो.

कोल्ड स्टार्टचा टेबल, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना किती पेट्रोल द्यायचं याचे ईसीयूतले आकडे, सर्वांत शेवटी. इंजिन रात्रभर थंड झाल्याशिवाय त्याची खरी चाचणी होत नाही, म्हणजे दिवसाला एकच संधी. एका सकाळी एकच आकडा बदला, लिहून ठेवा.