श्रीखंडाचा डबा आणि साडेतीन लाख

नमस्कार मंडळी. आजचं बोलणं जुना फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे रीसेलवाला, बिल्डरकडून नवा कोरा घेताय तर तुमचं प्रकरण वेगळं, कारण तिथे रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा, आहे आणि ताबा घेतल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरला तो 30 दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. 25-30 वर्षं जुन्या घराला असं कोणी वाली नसतं. तिथे भाव ठरतो, टोकन जातं, घरी देवापुढे साखर ठेवून होते आणि मग कोणीतरी सांगतं की अहो त्या भिंतीला ओल आहे.

मग ठरलेला भाव परत बोलता येतो का? येतो. करारनामा रजिस्टर व्हायच्या आधी येतो. परत सांगतो, रजिस्ट्रेशनच्या आधी. एकदा सब-रजिस्ट्रारकडे अंगठा आणि फोटो झाला की मग वकील गाठा आणि वाट बघा. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नीट बघूनही दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, हे खरं, पण ते कोर्टात सिद्ध करायचं काम तुमच्या गळ्यात येतं. त्यापेक्षा इसार पावतीवरच, म्हणजे टोकन देताना होते त्या कागदावरच, एक ओळ लिहून घ्या की आमच्या इंजिनिअरची तपासणी होईल आणि त्यात मोठी दुरुस्ती निघाली तर किंमत परत ठरेल, नाही पटलं तर टोकन पूर्ण परत. एजंट म्हणेल असं कोणी लिहीत नाही. लिहितात. तुम्ही पण लिहा.

आता ती गोष्ट सांगतो, ती सांगायचीच होती मला.

माझा साडू डोंबिवलीत फ्लॅट बघत होता. पूर्वेला, स्टेशनपासून चालत, टू बीएचके, चौथा मजला, त्याच्यावर थेट गच्ची, लिफ्ट नाही, बिल्डिंग 1993 ची. विकणारे काका-काकू मुलाकडे पुण्याला जाणार होते. माणसं एक नंबर, पहिल्याच भेटीत पोहे. भाव 62 लाख ठरला, 1 लाख टोकन दिलं आणि माझ्या डोक्याला भुंगा लागला, कारण बेडरूमला फॉल्स सीलिंग होतं. फक्त बेडरूमला. हॉलला नाही, जिथे चार माणसं बघतात तिथे नाही, बेडरूमला. आणि अख्ख्या घराला नवा रंग.

फॉल्स सीलिंगबद्दल माझं मत तुम्हाला माहितीच आहे, नऊ फुटी खोली आठ फुटी करायची, वर पालींना दुसरा मजला बांधून द्यायचा आणि याचे पैसे मोजायचे. आणि हेच लोक आधी माळा पाडतात! आरसीसीचा छान माळा, गणपतीची आरास, पाहुण्यांच्या गाद्या, लग्नातली मोठी पातेली, सगळं पोटात घेणारा, तो म्हणे जुनाट दिसतो. मग ती पातेली जातात पलंगाखाली आणि पलंगाखाली झाडू जात नाही. असो.

तर मी साडूला म्हटलं बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणून निवांत राहू नको, तो बँकेसाठी येतो, कर्ज बुडालं तर घराचे किती येतील एवढंच बघतो, दहा मिनिटांत फोटो काढून जातो. हे पण परत सांगतो, बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे तुमची तपासणी नव्हे. आमच्या ओळखीचे एक इंजिनिअर आहेत, रिटायर झालेत, आयुष्य जुन्या बिल्डिंगींच्या दुरुस्तीत गेलं, त्यांना घेऊन गेलो. पावसाळा नुकताच संपलेला. त्यांच्याकडे ओल मोजायचं छोटं यंत्र, एक टॉर्च आणि एक लहान हातोडी. हातोडीने ते भिंतीला, बीमला, कॉलमला हळूच टक टक करत फिरतात, प्लास्टर धरून असेल तर आवाज टणक येतो आणि सुटलेलं असेल तर बद्द. हॉल टणक. किचन टणक. संडास-बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीशी गुडघ्याएवढ्या उंचीवर बद्द, आणि यंत्रही तिथेच ओरडलं, नव्या रंगाखाली बोट दाबलं तर रंगाचा फुगा फुटून पांढरी भुकटी हाताला.

मग बेडरूम. एसीच्या बाजूला सीलिंगमध्ये एक चौकोनी झाकण होतं. इंजिनिअर म्हणाले जरा स्टूल द्या. काका म्हणाले, अहो तिथे फक्त वायरिंग आहे. इंजिनिअर म्हणाले, वायरिंगच बघतो. काका म्हणाले, स्टूल डुगडुगतं आमचं. मी धरतो म्हटलं. झाकण सरकवलं, टॉर्च आत गेला, डोकं आत गेलं, आणि बराच वेळ काहीच आवाज नाही. मग आतून प्रश्न आला, "हा डबा कोणाचा?"

आणि काकू, बिचाऱ्या चहा घेऊन दारात आलेल्या, त्या एकदम म्हणाल्या, "अगंबाई, या वर्षी बदलायचा राहिलाच तो! मी सांगत होते ह्यांना."

श्रीखंडाचा डबा हो, प्लास्टिकचा, एक किलोवाला. वर स्लॅबचं काँक्रीट परातीएवढं निखळून पडलेलं, सळया उघड्या, गंजून पापुद्रे सुटलेले, आणि बरोबर खाली सीलिंगच्या चॅनेलला तारेने बांधलेला हा डबा. तळाला चुन्याचा बोटभर पांढरा थर. किती पावसाळे त्यात उतरले असतील काय माहीत. काका खिडकीतून बाहेर बघायला लागले. साडू माझ्याकडे बघायला लागला. काकू म्हणाल्या चहा गार होतोय.

भांडण नाही झालं. का नाही झालं, तर इंजिनिअरनी तिथे एक शब्द भावाचा काढला नाही आणि आम्हालाही काढू दिला नाही. फोटो काढले, खाली आलो, चार दिवसांनी कागद हातात. बेडरूमच्या स्लॅबची दुरुस्ती, म्हणजे सुटलेलं काँक्रीट छिलायचं, सळया घासून गंजरोधक कोट द्यायचा, जिथे सळई बारीक झालीय तिथे नवी जोडायची, वर पॉलिमर मॉर्टर, 1 लाख 40 हजार. संडास-बाथरूम तोडून वॉटरप्रूफिंग आणि पाइप, 1 लाख 70. प्लास्टर, रंग, वायरिंग 80 हजार. शिवाय सोसायटीच्या सभेत गच्चीच्या कामासाठी प्रत्येक फ्लॅटमागे 60 हजार काढायचं ठरलेलं, काकांनी भरले नव्हते. बेरीज साडेचार लाख.

साडू म्हणाला मी सहा मागतो, मोझॅक फरशी जुनी आहे, ओटा पण काळ्या कडप्प्याचा आहे. इंजिनिअरनी त्याला गप्प केलं. फरशी तू पहिल्या दिवशी बघितलीस, तिच्यावर उभा राहून पोहे खाल्लेस, ती धरूनच 62 ठरले, आता तिचे पैसे परत मागायचे नाहीत. मला हे फार पटलं. जे दिसत होतं ते भावात आलं, जे झाकलेलं होतं त्याचंच बोलायचं. नाहीतर समोरच्याला वाटतं की तपासणी हे निमित्त आहे, हे आधीपासून भाव पाडायलाच आलेत, आणि मग तो खऱ्या दोषालाही नाही म्हणतो.

काका पहिल्यांदा 1 लाख म्हणाले, तीस वर्षं राहिलो, काही पडलं का डोक्यावर? मग त्यांनी हुकमी पत्ता टाकला, की गच्चीतून गळणारं पाणी सोसायटीचं, मी का भरू. आणि ते बरोबर होतं! आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, तसं लिहिलेलंच आहे, वरच्या मजल्याचं छत आणि छताचं प्लास्टर गच्चीच्या पाण्याने खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. संडास-बाथरूमचं आतलं गळणं मात्र ज्याचं त्याचं. मग सेक्रेटरीकडे गेलो, ते म्हणाले करणार आहोत, पण तारीख नाही आणि फंडात पैसे नाहीत. उघड्या सळया काही फंड जमेपर्यंत थांबत नाहीत, गंजलं की लोखंड फुगतं आणि उरलेलं काँक्रीट ढकलतं. शेवटी स्लॅबचा खर्च अर्धा काकांनी धरायचा असं निघालं, बाकी सगळं त्यांचं, हिशोब 3 लाख 80 वर आला. काका म्हणाले साडेतीन, आणि आता चहा संपवा. साडेअठ्ठावन्नला घर झालं.

बरं, वेळ थोडा उरलाय, तर भराभर. बिल्डिंग 15 वर्षांची झाली की सोसायटीने दर 5 वर्षांनी आणि 30 च्या पुढे दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं, तो रिपोर्ट मागा, सभेचं इतिवृत्त मागा. रिपोर्टात सी-1 असेल तर बिल्डिंग रिकामी करून पाडायची आहे, तिथे भाव कसला बोलताय, चपला घाला. सी-2 बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ.

आणि हे नीट ऐका, पैशाचं आहे. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते. 62 वर कर्ज मिळत होतं 49 लाख 60 हजार, साडेअठ्ठावन्नवर मिळतं 46 लाख 80 हजार. म्हणजे भाव उतरला साडेतीन लाख, पण साडूच्या खिशातले वाचले फक्त 70 हजार, बाकीचे कर्जातून कमी झाले, आणि दुरुस्तीचे तीन-चार लाख मात्र रोख हातात लागणार, ते पण राहायला जायच्या आधी. परत सांगतो, भाव कमी झाला म्हणजे दुरुस्तीचे पैसे हातात आले असं नाही. ते वेगळे बाजूला ठेवा.

इथेच एजंट हळूच सुचवतो की कागदावर 62 च राहू द्या, काका साडेतीन रोख परत देतील, कर्जही पूर्ण. अजिबात नाही. बँकेला खोटी किंमत, काकांना न मिळालेल्या पैशावर भांडवली नफ्याचा हिशोब, आणि घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्या वर रोख आयकर कायद्याला चालतच नाही. साडूच्या एजंटनेही सुचवलं होतं. काकाच म्हणाले, मी मास्तर होतो, असलं नको. डब्याचं काय मग, असं मी मनात म्हटलं, मोठ्याने नाही.

उलटं पण बघा, भाव फारच खाली आला आणि रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराच्या, खाली गेला तर स्टॅम्प ड्युटी रेकनरच्याच किमतीवर बसते, आणि फरक 10 टक्क्यांच्या वर गेला तर तो तुमचं उत्पन्न धरून त्यावर कर लागू शकतो, तेव्हा सही करायच्या आधी सीएला विचारा. नवा भाव ठरला की बँकेला कळवून सँक्शन लेटर, म्हणजे कर्ज मंजुरीचं पत्र, बदलून घ्या, आणि 60 हजारांसारखी सोसायटीची थकबाकी कोणी भरायची ते करारनाम्यात नाव घालून लिहा.

पुढच्या आठवड्यात शेअर सर्टिफिकेट आणि नॉमिनेशन, वडिलांच्या नावावरचा फ्लॅट कोणाचा यावर बरीच पत्रं आलीत, ती घेऊन बसतो. नमस्कार.