जुन्या गाडीतले पंचेचाळीस हजार

दहा वर्षं चाललेली पेट्रोल हॅचबॅक. समजा, 2,60,000 रुपयांना घेतली आणि 3,05,000 ला विकली. 45,000 सुटले?

खर्च मांडू. चार टायर 14,000, बॅटरी 4,500, दोन दारांचं डेंटिंग-पेंटिंग 7,000, सर्व्हिसिंग 5,000, आतली सफाई 2,000, पीयूसी आणि नाव ट्रान्सफर 4,000. हातात उरले 8,500. गाड्या बघत फिरणं, गॅरेजच्या खेपा, फोन, टेस्ट ड्राइव्ह, आरटीओ यांचे चाळीस तास धरले, तर तासाला दोनशेच्या आसपास पडतात. क्लच प्लेट गेलेली निघाली, तर तेवढेही नाहीत.

नफा खरेदीतच असतो, आणि वेळही तिथेच द्यावा लागतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ दिसली, तर ही गाडी पुरात उभी होती असं समजा. 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापुरात, 2021 मध्ये चिपळूणमध्ये अशा गाड्या पाण्याखाली गेल्या. कार्पेट धुता येतं, पण स्टेपनीच्या खळग्यातल्या कानाकोपऱ्यात गाळ राहतो. वायरिंगचे कनेक्टर तर काही महिन्यांनी गंजतात, तोवर गाडी तिसऱ्याच्या दारात असते.

मग ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. एरर कोड नाही म्हणून लगेच सौदा करू नका. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करत असलेल्या तपासण्या, अपूर्ण दाखवत असतील, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी सोडली होती. चार-दोन दिवस गाडी चालल्यावर पुन्हा स्कॅन करा. विकणारा त्याला तयार नसेल, तर गाडी सोडून द्या.

आता कागद. कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 आरटीओला दिल्याशिवाय तो उतरत नाही. तोवर पैसा अडकलेला.

नाव ट्रान्सफरच्या फॉर्म 29 आणि 30 वर मूळ मालकाच्या कोऱ्या सह्या घेऊन गाडी परस्पर पुढे विकण्याची पद्धत सर्रास आहे. ती घातक आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याने तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. मधल्या काळात अपघात झाला, तर भरपाईचा दावा त्या मूळ मालकावर येतो. अधिकृत डीलरला एप्रिल 2023 पासून फॉर्म 29सी भरून गाडीचा ताबा घेतल्याचं आरटीओला कळवता येतं. सुट्टा व्यवहार करणाऱ्याने मात्र गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची, मग पुढे द्यायची. म्हणजे ट्रान्सफर दोनदा. शिवाय आरसीवर एक मालक वाढतो, आणि गिऱ्हाईक त्यावरूनच भाव पाडतं.