टॅप करून पैसे: अडतंय कुठे?

(दृश्य: किराणा दुकानाचं काउंटर, क्यूआर स्टिकर, साउंडबॉक्स)

२०१६ साली यूपीआय आलं आणि बघता बघता भाजीच्या गाडीपर्यंत पोचलं. दुकानदाराला लागलं काय, तर छापलेलं एक स्टिकर. गिऱ्हाईकाच्या फोनला कॅमेरा असतोच. टॅपचं तसं नाही. फोनमध्येही एनएफसी, म्हणजे अगदी जवळून बिनतारी बोलणारी चिप, हवं आणि समोरच्या मशीनमध्येही. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ते अजूनही नसतं.

(क्लोजअप: फोनची पाठ मशीनला टेकते)

एनएफसीचा पल्ला जेमतेम चार सेंटिमीटर. अँटेना बहुतेक फोनमध्ये पाठीमागे, कॅमेऱ्याजवळ किंवा मधोमध असते. त्यामुळे नुसता कोपरा टेकवून भागत नाही. फोन अनलॉक करा, पाठ मशीनवरच्या लहरींच्या खुणेला लावा आणि बीप होईपर्यंत हलवू नका. तरी झालं नाही, तर आधी कव्हर काढा. गाडीतल्या होल्डरसाठी चिकटवलेली लोखंडी चकती हमखास आड येते. कव्हरमध्ये मेट्रोचं कार्ड खोचलेलं असेल, तर मशीनला दोन चिप एकदम दिसतात आणि व्यवहार अडतो. मग सेटिंगमध्ये जाऊन एनएफसी चालू आहे का, टॅपसाठी कुठलं अ‍ॅप निवडलंय, ते पाहा.

सुरक्षेची धास्ती मात्र अनाठायी आहे. फोनला जोडलेल्या कार्डाचा खरा नंबर दुकानात जातच नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे एक पर्यायी नंबर जातो. फोन हरवला तर टोकन बंद करायचं, कार्ड तेच राहतं. पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही. १ जानेवारी २०२१ पूर्वी ही मर्यादा दोन हजार होती.

(दृश्य: दुकानदार गल्ल्यावर हिशेब करताना)

खरं घोडं पेंड खातं ते इथे. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला २०२० पासून शुल्क नाही. इतर डेबिट कार्डांवर, वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदारालाही मशीनवर ०.४० टक्क्यांपर्यंत शुल्क पडू शकतं. म्हणजे पाचशेच्या बिलामागे दोन रुपये. क्रेडिट कार्डाला त्याहून जास्त, वर मशीनचं भाडं. साखर-तेलावर किती सुटतं हे ज्याला ठाऊक आहे, तो या दुकानदाराला मागासलेला म्हणणार नाही.

(दृश्य: मेट्रोचं फाटक, सकाळची गर्दी)

टॅप जिंकतो तो रांगेत. स्कॅन करा, रक्कम घाला, पिन टाका, मग दोन्ही बँकांच्या सर्व्हरची वाट पाहा. फाटकावर एवढी सवड कुणाला? २०१९ साली आलेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात प्रवासाची शिल्लक चिपवरच असते, म्हणून फाटकाला बँकेला विचारावं लागत नाही. फोनसाठी हाच मार्ग सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या यूपीआय लाइट एक्सने धरला: नेटवर्क नसतानाही फोनला फोन टेकवून पैसे. तळघरातल्या पार्किंगला, घाटातल्या चहाच्या टपरीला याची खरी गरज आहे. अट एकच, दोन्ही फोनमध्ये एनएफसी हवं.

(दृश्य: टॅप घेणारा साउंडबॉक्स)

आता साउंडबॉक्समध्येच टॅपची सोय येऊ लागली आहे, आणि छोट्या दुकानात टॅप शिरला तर याच वाटेने शिरेल. बॉक्स घेताना दुकानदाराने चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: महिन्याचं भाडं, डेबिटचा दर, क्रेडिटचा दर आणि पैसे खात्यात कधी जमा होणार.