पवनचक्कीत लपलेला राजा

नमस्कार श्रोतेहो. आज आपल्याला जायचंय इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समधल्या लुईस या गावी. तारीख १४ मे १२६४. या दिवशी इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री लढाई हरला, आणि हरला तो आपल्या मेहुण्याकडून. पुन्हा सांगतो, मेहुण्याकडून. सरदारांचा पुढारी सायमन द माँफर्ट हा राजाच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

भांडण होतं पैशाचं आणि कारभाराचं. धाकट्या मुलाला सिसिलीची गादी मिळावी म्हणून हेन्री पोपला अफाट रक्कम कबूल करून बसला होता. सरदार बिथरले. १२५८ साली ऑक्सफर्डला त्यांनी राजाकडून वदवून घेतलं, की पंधरा जणांच्या मंडळाला विचारूनच राज्य चालवीन. राजाने पुढे ते झुगारून दिलं. मग दोन्ही बाजूंनी फ्रान्सच्या राजाला पंच नेमलं. आता पंचाच्याच डोक्यावर मुकुट असल्यावर निकाल काय लागणार? सगळा हेन्रीच्या बाजूने लागला, आणि तलवारी उपसल्या गेल्या.

राजाची फौज मोठी होती. सायमनची लहान. पण सायमनची माणसं पहाटेच गावावरच्या टेकडीवर येऊन उभी राहिली, अंगावर पांढरे क्रूस शिवलेली. खाली राजा मठात उतरलेला, आणि युवराज एडवर्ड किल्ल्यात.

हा एडवर्ड चोवीस वर्षांचा, तापट. आदल्या वर्षी लंडनच्या लोकांनी पुलावरून त्याच्या आईच्या नावेवर दगड आणि घाण फेकली होती, ती त्याच्या मनात डाचत होती. सायमनच्या फौजेत नेमके तेच लंडनकर समोर आले. एडवर्डने त्यांच्यावर घोडे घातले, त्यांची फळी फोडली आणि पळणाऱ्यांच्या मागे तो मैलोन् मैल गेला. मारत सुटला. इकडे बाप टेकडीच्या उतारावर एकटा पडला. हेन्रीच्या अंगाखालचे घोडे मारले गेले, आणि तो कसाबसा मठात परतला. एडवर्ड आला तेव्हा लढाई संपली होती. लढाई हरली ती इथे, लंडनकरांच्या मागे धावताना.

आणि आता मला जे सांगायचंय ते. राजाचा भाऊ, रिचर्ड. कॉर्नवॉलचा जहागीरदार, इंग्लंडातल्या बड्या धनिकांपैकी एक. याने जर्मनीतल्या मतदार सरदारांना पैसा चारून तिथलं राजेपद मिळवलं होतं, आखेनला जाऊन मुकुट घालून आला होता. तर असा हा मुकुटधारी रिचर्ड लुईसला राजाच्या बाजूने लढत होता. फळी मोडली, पळापळ झाली, आणि याला आसरा मिळाला कुठे? एका पवनचक्कीत!

साताऱ्याच्या पठारावर विजेसाठी उभ्या आहेत त्या पवनचक्क्या डोळ्यांसमोर आणू नका. ही धान्य दळायची चक्की. त्या काळात इंग्लंडात अशा चक्क्या म्हणजे एका जाड खांबावर तोललेली लाकडी खोली. बाहेर कापडाची पाती, आत जात्याची दोन तळी. वारा फिरला की अख्खी खोली वाऱ्याकडे वळवायची. तिथे हा जर्मनीचा राजा दार लावून बसला. सायमनच्या माणसांनी चक्कीला वेढा घातला आणि खालून ओरडायला लागले, ए लबाड गिरणीवाल्या, ये बाहेर!

लबाडच का, ते तुम्हाला सांगायला नको. गिरणीवाला पीठ मारतो हा संशय तिकडेही होताच. तिथे दळणाची मजुरी पिठातूनच काढून घेत, म्हणजे शंकेला जागाच जागा. जाता जाता सांगतो, पाकिटातलं पीठ कितीही चकचकीत असो, समोर उभं राहून दळून आणलेल्या गव्हाच्या पोळीची सर त्याला नाही. हे माझं ठाम मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

तर रिचर्ड. शेवटी बाहेर आला आणि कैद झाला. लोकांनी त्याच्यावर गाणं रचलं, तेही इंग्रजीत. दरबाराची भाषा फ्रेंच होती, इंग्रजी ही साध्या माणसांची बोली. गाण्यात म्हटलंय की रिचर्डने चक्कीलाच किल्ला समजून ताब्यात घेतलं, आणि तिची पाती त्याला दगड फेकणारी यंत्रं वाटली. आमच्या शाळेत सनावळ्या घोकून घेतल्या, हे गाणं कुणी सांगितलं नाही. साडेसातशे वर्षांपूर्वीची माणसं एका राजाला मोठ्याने हसत होती, आणि तो हशा कागदावर उतरून आजही शिल्लक आहे. मला ही लढाई आवडते ती या चक्कीसाठी.

पुढचं थोडक्यात. हेन्रीला सायमनच्या अटींवर करार करावा लागला, एडवर्ड ओलीस गेला. १२६५ च्या जानेवारीत सायमनने लंडनला सभा भरवली. तिला प्रत्येक परगण्याचे दोन सरदार आणि शहरांचे प्रतिनिधीही बोलावले. शहरांचे प्रतिनिधीही, हे ध्यानात घ्या. म्हणून सायमनला पार्लमेंटचा जनक म्हणतात. पण त्याचा देव करू नये. त्याने लेस्टरमधून ज्यूंना हाकलून दिलं होतं, आणि लुईसच्या आदल्याच महिन्यात त्याच्या माणसांनी लंडनमध्ये ज्यूंची कत्तल केली होती. हे सांगितल्याशिवाय त्याचं कौतुक मला करवत नाही.

मे महिन्यात एडवर्ड पहाऱ्यातून घोड्यावर बसून निसटला. ४ ऑगस्ट १२६५ ला इव्हशॅमला त्याने सायमनला गाठलं आणि सायमन तिथे मारला गेला. त्यानंतरच रिचर्ड कैदेतून सुटला. या वेळी एडवर्ड कुणाच्याही मागे धावला नाही. पुढच्या भागात आपण इव्हशॅमला जाऊ. नमस्कार.