सांगितले तेवढेच
(परीक्षेतील लेखनिकांवरील लघुमाहितीपटाचे निवेदन)

परीक्षेच्या सभागृहात बोलायला मनाई असते. तळमजल्यावरच्या या खोलीत मात्र बोलल्याशिवाय पेपर पुढे सरकत नाही. विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा सुरू आहे. बी.ए.च्या अंतिम वर्षाची एक दृष्टिहीन विद्यार्थिनी अर्थशास्त्राची उत्तरे तोंडी सांगत आहे आणि नुकतीच बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी एक मुलगी ती उत्तरपत्रिकेत उतरवत आहे. परीक्षा विभागाच्या कागदपत्रांत या मुलीची नोंद लेखनिक अशी होते. विद्यार्थी आपसांत रायटर म्हणतात.

पेपरची सुरुवात वाचनाने होते. लेखनिक संपूर्ण प्रश्नपत्रिका, प्रत्येक प्रश्नाच्या गुणांसह आणि ‘कोणतेही दोन सोडवा’ यांसारख्या सूचनांसह, सावकाश वाचून दाखवते. डोळस विद्यार्थी प्रश्नपत्रिकेवर हवी तेव्हा नजर टाकू शकतो, हिला ती सगळी डोक्यात ठेवावी लागते. म्हणून दुसऱ्यांदा वाचायला सांगताना ती संकोच करत नाही. मग कोणता प्रश्न आधी घ्यायचा ते ठरते आणि खरे काम सुरू होते. सांगणारीच्या जिभेचा आणि लिहिणारीच्या हाताचा वेग सारखा नसतो. एक वाक्य कागदावर पूर्ण होईपर्यंत परीक्षार्थीने पुढचे वाक्य मनात धरून ठेवायचे आणि त्याच वेळी मागचे वाक्य कोठे संपले हेही विसरायचे नाही, अशी ही दुहेरी कसरत असते. त्यामुळे या खोलीत वारंवार ऐकू येते ते हे: “थांब नं, पयले शेवटची ओळ वाचून दाखव.” लेखनिक ओळ वाचते, विचारते, “ताई, इथे परिच्छेद बदलू का?” आणि उत्तर पुढे जाते. परिच्छेद कोठे पाडायचा, कोणत्या शब्दाखाली रेघ ओढायची, अर्धवट सोडलेल्या उत्तरासाठी किती जागा कोरी ठेवायची, पुरवणी केव्हा मागायची, हे सगळे परीक्षार्थीनेच ठरवायचे असते. मागणी वक्र काढायचा असेल तर आडव्या अक्षावर मागणी, उभ्या अक्षावर किंमत, डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेषा, अशी आकृतीसुद्धा शब्दांतच सांगितली जाते. आकृती किंवा नकाशा लागणाऱ्या प्रश्नांऐवजी दृष्टिहीनांना पर्यायी प्रश्न देण्याची तरतूद आहे. प्रत्येक पेपरात तो पर्याय छापून येतोच असे मात्र नाही.

शुद्धलेखनाची बाब याहून नाजूक आहे. परीक्षार्थी शब्द उच्चारते, पण त्यातली वेलांटी पहिली की दुसरी हे लेखनिकेच्या हातात राहते, आणि भाषेच्या पेपरात त्या वेलांटीवर गुण जाऊ शकतो. सरावलेले विद्यार्थी अवघड नावे आणि संज्ञा अक्षर अक्षर फोडून सांगतात. हस्ताक्षराचेही तसेच आहे. तपासणाऱ्यापुढे जाते ते अक्षर लेखनिकेचे; ते गिचमिड असले तर त्याचा खुलासा करायला परीक्षार्थी तेथे नसते.

या कामातील सर्वांत कठीण भाग मात्र लिहिण्यात नसून आपल्याला जे ठाऊक आहे ते आवरून धरण्यात आहे. समजा, परीक्षार्थीने सांगितले की नियोजन आयोगाची स्थापना 1951 मध्ये झाली. लेखनिकेला बारावीच्या अभ्यासातून आठवते की आयोग 1950 मध्ये स्थापन झाला आणि 1951 मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. तिने 1951 असेच लिहायचे. इतकेच नव्हे, तर तो आकडा लिहिताना पेन क्षणभर थांबवायचे नाही, कारण समोरच्या विद्यार्थिनीचे सगळे लक्ष कानात असते आणि पेनाचा थांबलेला आवाजही तिला सूचना ठरतो. उत्तर परत वाचून दाखवताना त्या आकड्यावर आवाज चढवणे हीसुद्धा मदतच झाली. ज्यांनी हे काम केले आहे ती मुले सांगतात की पहिल्या पेपरात लिहून लिहून हात दुखतो त्यापेक्षा गप्प राहण्याचा ताण अधिक जाणवतो. उलट बाजूचा मोह त्याहून वाईट असतो, आणि त्याची चर्चा कमी होते. कंटाळलेला लेखनिक सांगितलेली चार वाक्ये दोनमध्ये आटोपतो, उदाहरण गाळतो, आणि परत वाचून दाखवताना मूळ चार वाक्येच म्हणून दाखवतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो. कॉपीचा संशय घेऊन खोलीत येणारे भरारी पथक पहिल्या प्रकारची मदत शोधत असते. दुसऱ्या प्रकारचे नुकसान शोधायला कोणी येत नाही.

एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने लिहायचे ही रीत वऱ्हाडाला अपरिचित नाही. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे 1881 मध्ये जन्मलेले आणि माधानचे म्हणून ओळखले जाणारे गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले होते. 1915 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवरच्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, ते सांगून लिहून घेतलेले. मात्र त्यांचे शब्द उतरवून घेणारी माणसे त्यांची शिष्य होती आणि समोर घड्याळ नव्हते.

कायद्याने ही सोय आता हक्क म्हणून मान्य केली आहे. अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवण्याची जबाबदारी 1995 च्या कायद्यानेच शैक्षणिक संस्थांवर टाकली होती. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि परीक्षापद्धतीत लेखनिक व जादा वेळ देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ऑगस्ट 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी तपशील ठरवला: दर तासामागे किमान 20 मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, लेखनिक परीक्षा घेणाऱ्या संस्थेने द्यावा की स्वतः आणावा हे ठरवण्याची मुभा परीक्षार्थीला, स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचे, आणि संस्थेने दिलेल्या लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटण्याची संधी. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी जिल्हा किंवा विभाग पातळीवर लेखनिकांच्या याद्या तयार कराव्यात, असेही त्यात सुचवले होते.

कागदावर विद्यार्थ्याला दोन मार्ग आहेत. तालुक्याच्या गावात बहुधा एकच उरतो, तो म्हणजे लेखनिक स्वतः शोधणे. अर्जासोबत लेखनिकाचे आधार कार्ड, गुणपत्रिका, छायाचित्र आणि हमीपत्र जोडायचे असते. पदवीच्या विद्यार्थ्याला बारावीपर्यंत शिकलेला, वाचनीय अक्षराचा, अस्खलित वाचणारा आणि परीक्षेचे सगळे दिवस मोकळा असलेला माणूस हवा असतो. काही केंद्रांवर लेखनिक दुसऱ्या शाखेचा असावा असा आग्रहही धरला जातो. बारावी झालेली बरीच मुले शिक्षणासाठी किंवा कामासाठी नागपूर-पुण्याला गेलेली असतात, गावात राहिलेली पोलीस भरतीच्या तयारीत असतात. शेवटी मावसबहीण, शेजारची मुलगी किंवा शिक्षकांच्या ओळखीतील कोणी तरी सापडते. ऐनवेळी तिला ताप आला तर काय करायचे, याचे उत्तर अर्जाच्या नमुन्यात नसते.

त्यात विद्यापीठाचे वेळापत्रक आणि शेतीचे वेळापत्रक एकमेकांना भिडतात. हिवाळी परीक्षा येते तेव्हा पश्चिम विदर्भात सोयाबीनची काढणी उरकत आलेली असते आणि कापसाची वेचणी भरात असते; वेचणीची मजुरी सोडून दुसऱ्याच्या पेपरला दिवसभर बसणे कोणत्याही घराला परवडणारे नसते. उन्हाळी परीक्षेला बारावी दिलेली मुले रिकामी असतात, म्हणून लेखनिक तुलनेने लवकर मिळतो. त्यांच्याकडे बारावीची गुणपत्रिका नसते, तेव्हा दहावीची जोडली जाते. पण गडचिरोली-गोंदियाकडे याच सुमारास तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो, आणि वर्षातील रोख कमाईचा तो थोडक्या दिवसांचा काळ कोणी सोडत नाही. लेखनिकाला मानधन द्यायचे की नाही, किती आणि कोणी, याबाबत एकसारखी पद्धत दिसत नाही. बहुतेक वेळा विद्यार्थीच गाडीभाडे आणि चहा-नाश्त्याचा खर्च करतो. मार्च 2023 पासून स्त्रियांना एसटीत निम्मे तिकीट लागते, त्यामुळे मुलगी लेखनिक मिळाली तर तेवढा खर्च कमी होतो, असा हिशेबही येथे घातला जातो.

एसटीचा विषय निघालाच आहे, तर जादा तासाबद्दल सांगायला हवे. दुपारच्या सत्राचा पेपर साडेपाचला संपत असेल, तर दिव्यांग विद्यार्थ्याचा साडेसहाला संपतो. गावी मुक्कामाला जाणारी शेवटची गाडी त्याआधीच सुटलेली असू शकते. मग विद्यार्थी पाच-दहा गुणांचे उत्तर सोडून गाडी गाठतो, आणि त्याला कोणी काही नाकारलेले नसते. केंद्रावरही या तासाकडे फारशा आनंदाने पाहिले जात नाही. बाकीच्या उत्तरपत्रिका मोजून, बांधून तयार असतात, एका पर्यवेक्षकाला एका खोलीसाठी थांबावे लागते, शिपाई दोनदा डोकावून जातो. कोणी चला म्हणत नाही, तरी सांगणारीचा वेग वाढतो आणि लिहिणारीची अक्षरे मोठी व सैल होऊ लागतात.

लेखनिकाची गरज केवळ दृष्टिहीनांना असते असा समज अजून कायम आहे. मळणी यंत्रात हात गेलेला तरुण विदर्भातल्या गावांना अनोळखी नाही. 2018 च्या सूचनांप्रमाणे अंधत्व, दोन्ही हात बाधित असणे आणि मेंदूचा पक्षाघात या स्थितींत लेखनिक मागितल्यावर द्यायचा असतो. एकच हात गेलेला असेल, तर लिहिता येत नसल्याचे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचे प्रमाणपत्र लागते. सिरोंचा किंवा भामरागडसारख्या तालुक्यातून त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन यायचे म्हणजे दिवस मोडतो, आणि डॉक्टर त्या दिवशी नसले तर दुसराही.

सिकलसेलचा प्रश्न आणखी बिकट आहे. विदर्भातील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत आढळणारा हा आनुवंशिक रक्तविकार 2016 च्या अधिनियमातील 21 प्रकारांत येतो. आजाराचा जोर नसतो तेव्हा विद्यार्थी इतरांसारखाच लिहितो; वेदनेचा झटका आला की सांधे आणि हाडे असह्य दुखतात. थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे ही झटक्याची ज्ञात कारणे आहेत, आणि दोन्ही परीक्षा नेमक्या त्याच ऋतूंत येतात. अर्ज भरताना धडधाकट असलेल्या विद्यार्थ्याला पेपरच्या सकाळी लेखनिक लागेल, ही शक्यता नमुन्यात बसवणे अवघड असले तरी अशक्य नाही. परीक्षा विभागाने ती गृहीत धरायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, लिहिताना हातात गोळे येणाऱ्या परीक्षार्थीला चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट न लावता लेखनिक मान्य केला. तो निकाल या विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा आहे, पण केंद्राधिकाऱ्यासमोर त्याचा हवाला देण्याइतके बळ वीस वर्षांच्या मुलात असेलच असे नाही.

संगणकावर उत्तरे टंकित करण्याचा पर्यायही 2018 च्या सूचनांत आहे, आणि मराठी मजकूर वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. दृष्टिहीन विद्यार्थी मोबाइलवर असे वाचन रोज ऐकतात. तरीही मराठी टंकलेखनाचा सराव, केंद्रावरचा चालू संगणक आणि सलग वीज या तिन्ही गोष्टी एकत्र जुळेपर्यंत लेखनिकाला पर्याय नाही.

लेखनिक तयार करण्याचे काम महाविद्यालयांना करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकापलीकडे फारसे काही लागत नाही. पडद्यावर दिसणारा हा वर्ग तशाच सरावाचा आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना त्यांनी कधी न शिकलेल्या विषयाचे उत्तर सांगितले जाते; त्यात मुद्दाम दोन चुका पेरलेल्या असतात, मध्येच एक मुद्दा वगळायला सांगितले जाते, एक वाक्य अर्धवट सोडले जाते. नंतर लिहिलेला कागद ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिला जातो, आणि ज्याने चूक दुरुस्त करून लिहिली त्याला पुन्हा बसावे लागते. वहीत प्रत्येकाच्या नावासमोर मोबाइल क्रमांक, गाव, गावाहून निघणाऱ्या गाडीची वेळ आणि कापूस वेचणीला घरून सुटी मिळणार की नाही, याची नोंद आहे. हिवाळी परीक्षेचे अर्ज सुरू होण्याआधी प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी दोन नावे ठरवायची आहेत, एक नेमलेले आणि एक राखीव.